निवडून आलेली अनसूया

तन्वी, गेल्या रविवारी फोनवर तू मला जे सांगितलंस, ते मी तेव्हा फक्त ऐकून घेतलं. तू विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आलीस. तुमच्या शाळेत पाहुण्यांचं स्वागत दरवर्षी अध्यक्षच करते. यंदा ते काम दुसऱ्या मुलीला दिलं. कारण काय, तर तुझे उच्चार पाहुण्यांना कळणार नाहीत. तू तिकडे परदेशातच जन्मलीस, तिथलीच भाषा बोलतेस. पुढे तू हसून म्हणालीस, "खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आजी. माझा चेहरा, माझा रंग." आणि मग विचारलंस, "मी काय करायला हवं होतं?"

 तुझ्या या प्रश्नावरून मला एक मुलगी आठवते. तिच्याबद्दल तुला आणि तुझ्या भावाला, ईशानला, क्रमाने सांगते. वाचायला वेळ लागला तरी चालेल. मराठी अडली तर बाबाला विचारा.

तिचं नाव अनसूया मनवर. मी नागपूरहून बी.ए., बी.टी. करून दिग्रसच्या मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा ती दहावीत होती. दिग्रस हे कापसाच्या बाजाराचं गाव. हंगामात रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागे, आणि सरकी काढायच्या जिनांमधून उडालेला बारीक कापूस कौलांवर, झाडांवर, आमच्या वर्गाच्या खिडक्यांवर बसे. अनसूयाचे आईवडील दोघंही जिनात कामाला होते. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यांच्या वस्तीतल्या बहुतेकांनी घेतली होती. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, आणि दारावर निळा झेंडा लावला. गावातल्या बाकीच्यांनी त्यांच्याशी वागायची पद्धत मात्र नदीत सोडली नव्हती. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून आधीच लिहून ठेवते.

अनसूया उंच, सावळी, हाडापेराने लांब. तेल लावून घट्ट वेणी घालायची. विचार करायला लागली की वेणीचं टोक मुठीत धरायची आणि मूठ हनुवटीखाली घ्यायची. तेवढा वेळ तिला कुणी घाई केलेली आवडत नसे. तिच्याकडे दोन मराठी होत्या. एक पुस्तकातली, ती वर्गात आणि व्यासपीठावर वापरायची. दुसरी घरची, वऱ्हाडी. ती मनातलं बोलायचं असलं की आपोआप यायची. इंग्रजीत ती साधारण होती. पण व्याकरणाचा नियम सांगितला की हात वर करून विचारायची, "बाई, हे सगळ्याइले लागू हाये का?" मी म्हणायचे, "नाही, याला अपवाद आहेत." मग ती नाराज होऊन खाली बसायची. इंग्रजी भाषेबद्दल तिचं मत त्यामुळे कधी फार चांगलं झालं नाही.

आमच्या शाळेत विद्यार्थिनी मंडळ होतं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, नागरिकशास्त्र शिकवत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. मुलींनी मतदान शिकलं पाहिजे, म्हणून दरवर्षी प्रमुख निवडली जाई. पाचवीच्या लहान मुलींना चिठ्ठीवर नीट लिहिता येत नसे, म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. उमेदवार मुली भिंतीकडे तोंड करून ओळीने बसायच्या. प्रत्येकीच्या मागे एक मडकं, त्याच्या तोंडावर फडकं. शाळेतली एकेक मुलगी मुठीत चिंचोका घेऊन यायची, सगळ्या मडक्यांत हात घालायची आणि एकाच मडक्यात तो सोडायची. कुणाला मत दिलं ते ना उमेदवाराला कळे, ना मागच्या मुलीला. शेवटी मडकी चादरीवर उपडी करायची.

त्या वर्षी दोन मुली उभ्या होत्या. एक कुमुद, शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी. दुसरी अनसूया. कुमुद आदल्या वर्षी निवडून आली होती आणि यंदाही येणार असं सगळे धरून चालले होते. मडकी उपडी केल्यावर अनसूयाचा ढीग कुमुदच्या ढिगापेक्षा मोठा होता. मोजायच्या आधीच दिसत होतं. मोठ्या बाईंनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग शिवणाच्या पाठकबाईंना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं.

पाठकबाई मोजता मोजता म्हणाल्या, "पाचवीच्या पोरींना काय कळतंय? खेळ म्हणून टाकले असतील."

कुणीतरी म्हणालं, "मागच्या वर्षीही पाचवी होतीच की." पाठकबाई मोजत राहिल्या.

अनसूया भिंतीकडे तोंड करूनच बसली होती. निकाल सांगेपर्यंत वळायचं नाही, हा नियम. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "बाई, आणखी एकदा मोजायचं असंल त मोजा. मले घाई नाही."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या, हे इथेच सांगते. मुलींना निवडणूक शिकवायची त्यांची मनापासून इच्छा होती. निवडणुकीतून असं काही बाहेर येईल, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी निकाल जाहीर केला. अनसूया प्रमुख, कुमुद उपप्रमुख.

प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर मोठ्या बाईंच्या शेजारी प्रमुख आणि उपप्रमुखांसाठी दोन खुर्च्या असत. अनसूया प्रमुख झाली त्या आठवड्यात त्या दोन्ही खुर्च्या दुरुस्तीला गेल्या. दोघी मुली उभ्या राहू लागल्या. काही दिवसांनी एक खुर्ची परत आली आणि कुमुदच्या बाजूला ठेवलेली दिसली. कुमुद बसली नाही, पण काय करावं ते तिला कळेना. ती नुसती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अनसूयाने वेणीचं टोक मुठीत धरलं. प्रार्थना संपल्यावर ती कुमुदला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खुर्ची एकच आहे. आपण पाळी लावू. आज तू बस. उद्या मी बसेन."

कुमुद बसली. दुसऱ्या दिवशी अनसूया बसली. सगळी शाळा समोर मांडी घालून बसलेली, आणि ती पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी त्या खुर्चीवर. शिक्षकांच्या ओळीत एक हलकी कुजबुज झाली आणि विरली. तिसऱ्या दिवशी कुमुद बसली. पुढे दुसरी खुर्चीही आली. तिला काय दुरुस्ती केली होती, ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

मधल्या सुट्टीत अनसूया कडुनिंबाच्या पारावर बसे. मुली तिच्याकडे भांडणं घेऊन येत. दौत सांडली, रिबन चोरली, पाण्याच्या माठापाशी ढकललं, असली भांडणं. ती निकाल लगेच देत नसे. ती म्हणे, "तू हिची बाजू सांग. मग ही तुझी सांगेल. नीट सांगा, अर्धवट नको." मुलींना ते फार अवघड जाई. दुसऱ्याची बाजू धडपणे सांगता सांगता अर्धी भांडणं तिथेच संपत. एकदा मी पारामागून जात असताना सातवीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणत होती, "पण तिची बाजू सांगितली की तीच खरी वाटते ना मला!"

"मग काय झालं?" अनसूया म्हणाली. "आता ती तुझी सांगेल, तेव्हा तूही खरी वाटशील."

तिच्या वस्तीतली शांता नावाची मुलगी नेहमी उशिरा येई. उशिरा येणाऱ्या मुलींना फाटकापाशी उभं करायचं काम प्रमुखाचं. अनसूयाने शांतालाही उभं केलं. शांता चिडून म्हणाली, "आपली असून मले उभं करून राह्यली? लाज नाही वाटत?"

"आपलं-परकं घरी. घंटा सगळ्याइले एकच वाजते."

शांता दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मी अनसूयाला विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना, बाई. तिची माय आजारी हाये, पानी तिलेच भराव लागते. पन तिले सोडलं असतं त मंग उद्या कुमुदले कोन्या तोंडानं उभं केलं असतं?" दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी लवकर उठून शांताच्या घरचं पाणी भरायला मदत करायला लागली. शांता वेळेवर येऊ लागली. हे मला शांताने सांगितलं. अनसूयाने नाही.

आता हळदीकुंकवाचं सांगते. इथे थोडं नीट वाचा.

संक्रांतीनंतर शाळेत मुलींच्या आयांना हळदीकुंकवाला बोलवायची रीत होती. ते मंडळाचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. प्रमुख दारात उभी राहायची. येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावायची आणि हातावर तिळगूळ द्यायची. उपप्रमुख गुलाबपाणी शिंपडायची. गावातल्या मोठ्या घरच्या बायका यायच्या, समितीच्या सभासदांच्या बायका यायच्या. कुमुदची आई यायची. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत.

मोठ्या बाईंनी अनसूयाला ऑफिसात बोलावलं. मी वेळापत्रक करत तिथेच बसले होते. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"अनसूया, तुमचा धर्म आता वेगळा झाला. कुंकू लावणं वगैरे तुमच्यात बसत नाही. तुझ्या मनाविरुद्ध तुझ्याकडून काही करून घेणं मला बरं वाटत नाही. तेव्हा दारात कुमुद उभी राहील. तू आत खुर्च्यांकडे बघ. तेही महत्त्वाचंच काम आहे."

अनसूया म्हणाली, "बाई, घरी विचारून सांगते."

ती गेल्यावर मोठ्या बाई मला म्हणाल्या, "समजूतदार मुलगी आहे." त्यांना मनापासून तसं वाटत होतं. त्या धर्माचा मान ठेवत होत्या, असंच त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अनसूया आली. शब्द आधी जुळवून आणले होते, हे तिच्या पुस्तकी मराठीवरून कळत होतं. "बाई, बाबा म्हणाले, तुम्ही म्हणता ते खरं आहे. कुंकू लावणं आमच्या प्रतिज्ञेत बसत नाही. मलाही ते पटतं. म्हणून हळदीकुंकू कुमुदने लावावं. पण दारात प्रमुखाने उभं राहायचं, ही शाळेची रीत आहे. मी दारात उभी राहीन आणि तिळगूळ देईन. तिळगुळाला आमच्यात हरकत नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा मोकळा झाला. "शहाणी आहेस. ठरलं तर मग." कुमुद दाराशीच होती. तिलाही त्यांनी सांगून टाकलं, "तू कुंकू, अनसूया तिळगूळ. ठरलं."

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी हे शिक्षिकांच्या खोलीत सांगितलं. पाठकबाई परकराला टीप घालत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"हो. का? कुंकू ती लावणारच नाही."

"अहो, कुंकू पुसता येतं हो. पोटात गेलेलं कसं पुसणार?"

 मोठ्या बाई हातातला कप खाली ठेवायला विसरल्या. कपाळाला लागणारं बोट तेवढं त्यांना दिसत होतं. ते टळलं याच आनंदात हातचं खाणं त्यांच्या नजरेतून निसटलं होतं. बरं, तिळगूळ कुणी नको म्हणू शकत नाही. त्या दिवसांत वैऱ्याने दिलेलाही घेतात.

"मग आता?" पाठकबाई म्हणाल्या.

"मुलींसमोर ठरलं म्हणाले मी." मोठ्या बाईंनी कप ठेवला. "मुलींसमोर दिलेला शब्द मी फिरवत नाही."

पुढे बऱ्याच दिवसांनी मी अनसूयाला विचारलं, "तुला हे माहीत होतं का गं, कुंकवापेक्षा तिळगूळ जड पडेल ते?" ती म्हणाली, "आमाले त लहानपनापासूनच माहीत असते, बाई. मले वाटलं मोठ्या बाईले बी माहीत असंल."

हळदीकुंकवाच्या दुपारी ती स्वच्छ धुतलेलं पांढरं पातळ नेसून दारात उभी होती. हातात पितळी ताट, ताटात तिळाचे लाडू. शेजारी कुमुद हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. वहिनीसाहेब आल्या. कुमुदने आईला कुंकू लावलं. अनसूयाने लाडू पुढे केला. "तिळगूळ घ्या."

वहिनीसाहेब थांबल्या. मग त्यांनी कमरेचा रुमाल काढला, तो तळहातावर पसरला आणि हात पुढे केला. रुमालात लाडू पडला. मोठ्या बाईंना त्या हसून म्हणाल्या, "अगदी नीटनेटकी मुलगी आहे हो." आणि आत गेल्या. मागच्या बाईने रुमाल नव्हता म्हणून पदर पुढे केला. मग सगळ्याच जणी पदर पुढे करू लागल्या. अनसूया प्रत्येकीला त्याच आवाजात "तिळगूळ घ्या" म्हणत होती, आणि लाडू पदरात ठेवत होती. एकीलाही वरून टाकला नाही. वाकून ठेवत होती.

उशिरा अनसूयाची आई आली. जिनातून सुट्टी मागून आलेली, केसांत कापसाची भुकटी. कुमुदने सवयीने करंडा उचलला. ती म्हणाली, "राहू दे माय. आमी सोडलं ते." अनसूयाने लाडू पुढे केला आणि इतरांना म्हटलं तसंच म्हणाली, "तिळगूळ घ्या."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "पाहा व! मायले 'घ्या' म्हन्ते!" अनसूया हसली नाही, पण कानापर्यंत लाल झाली. आईने उघड्या हातावर लाडू घेतला, तिथेच उभ्याउभ्या तोंडात टाकला. "गूळ चांगला हाये," म्हणाली, आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या. अनसूयाने जाऊन तिला खुर्चीवर बसवलं आणि परत दारात आली.

पाठकबाई विधवा होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या दरवर्षी शिक्षिकांच्या खोलीत दार लोटून बसत. त्यांना कुणी बोलवत नसे, आणि त्यांना बोलवलं जात नाही याबद्दल कुणी बोलतही नसे. त्या दिवशी मी गुलाबपाण्याची बाटली घ्यायला त्या खोलीत गेले, तर माझ्या मागोमाग अनसूया ताट घेऊन आत आली.

"बाई, तिळगूळ घ्या."

पाठकबाईंनी वर पाहिलं. "मला कशाला?"

"कुंकू माझ्याकडे नाही, बाई. तिळगूळ आहे. तो सगळ्यांना आहे."

पाठकबाईंनी हात पुढे केला नाही. अनसूयाने वाट पाहिली. मग तिने लाडू शिवणाच्या मशीनवर, रिळांच्या शेजारी ठेवला आणि गेली. मी बाटली घेऊन निघाले. संध्याकाळी परत आले तेव्हा पाठकबाई घरी गेल्या होत्या. मशीनवर लाडू नव्हता. त्यांनी खाल्ला की टाकला, मला माहीत नाही. त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बाकीच्या लाडवांचं मात्र कळलं. बायका गेल्यावर खुर्च्या उचलताना ते सापडू लागले. खिडकीच्या कडेला, खुर्च्यांखाली, बाहेर झेंडूच्या वाफ्यात. एक वहिनीसाहेबांच्या खुर्चीमागे, तुळशीच्या कुंडीआड होता. कुमुद एकेक उचलत होती आणि रडत होती. अनसूया ताट धरून तिच्या मागे होती.

"रडू नको. भराभर उचल," ती म्हणाली. "उद्या प्रार्थनेले मुंग्या लागतीन इथं. लहान पोरी मांड्या घालून बसतात."

स्वच्छतेचं कामही प्रमुखाचंच होतं.

तो विषय तिथे संपला नाही. समितीची सभा झाली. मोठ्या बाई सभेहून आल्या तेव्हा त्यांनी अनसूयाला पुन्हा ऑफिसात बोलावलं. या वेळी आवाज मऊ नव्हता, थकलेला होता. समितीचं म्हणणं असं की अनसूयाने स्वतःहून राजीनामा द्यावा. अभ्यासाचं कारण सांगावं. मग कुमुद प्रमुख होईल आणि मंडळ चालू राहील. राजीनामा दिला नाही तर मंडळच बंद. पुढे निवडणूक नाही. शिक्षिका नेमतील ती मुलगी काम पाहील.

"मंडळ मी उभं केलंय, अनसूया," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते वाचवणं तुझ्या हातात आहे."

अनसूयाने वेणी मुठीत धरली.  मग म्हणाली, "बाई, तुमी मले नेमलं नव्हतं. पोरींनी निवडलं. राजीनामा द्यायचा त त्याइले विचारूनच देईन."

मोठ्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "विचार."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर अनसूया व्यासपीठावर पुढे आली. राजीनामा द्यावा ही बाजू तिने आधी मांडली, आणि पूर्ण मांडली. मंडळ राहील, निवडणूक राहील, पाचवीच्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांनाही उभं राहता येईल, कुमुद चांगली प्रमुख होती आणि पुन्हा होईल. एका माणसासाठी सगळ्यांचं जाऊ नये. ती इतकं चांगलं बोलली की मला वाटलं, हिने ठरवलेलंच आहे. मग तिने दुसरी बाजू सांगितली. ती फार थोडक्यात होती. "तुम्ही निवडलं होतं. मी काही चुकले असले तर सांगा. चुकले नसले तर मी का जावं, ते मला माहीत नाही."

मडकी पुन्हा मांडली. या वेळीही दोन. एक राजीनामा द्यावा याचं, एक देऊ नये याचं. मोठ्या बाई स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मुलींची रांग हलू लागली. कुमुद व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठून आली. दोन्ही मडक्यांत हात घातला आणि परत आपल्या जागी गेली. शांता गेली. पाचवीच्या मुली चवड्यांवर उभ्या राहून हात आत घालत होत्या. अनसूया भिंतीकडे तोंड करून बसली होती. नियम तोच होता.

मडकी उपडी केली तेव्हा 'देऊ नये'चा ढीग मोठा होता. पण दुसराही अगदी लहान नव्हता. काही मुलींना मंडळ हवं होतं.

मोठ्या बाईंनी एकदाच मोजलं. निकाल सांगितला. आणि पुढचं वाक्यही त्यांनीच सांगितलं, की समितीच्या निर्णयाप्रमाणे विद्यार्थिनी मंडळ आजपासून बंद करण्यात येत आहे. 

अनसूया उठली. छातीवरचा प्रमुखाचा बिल्ला काढला, मोठ्या बाईंच्या समोर टेबलावर ठेवला, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली आणि दहावीच्या रांगेत तिच्या उंचीप्रमाणे मागे जाऊन उभी राहिली. कुमुदही उतरली. दोन खुर्च्या वर तशाच रिकाम्या राहिल्या.

त्या संध्याकाळी फाटकापाशी मी तिला म्हटलं, "जिंकूनही सगळं गेलं गं."

ती म्हणाली, "ज्याइनं 'द्यावा' म्हटलं, त्याइचं बी खोटं नव्हतं, बाई. त्याइचं मंडळ माह्यामुळं गेलं." तिला त्याचंच जास्त लागलं होतं. मग म्हणाली, "पन विचारलं त खरं आपन त्याइले." आणि शांताबरोबर वस्तीच्या रस्त्याने गेली.

पुढच्या वर्षी ती मॅट्रिक झाली. मंडळ मी असेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही. मोठ्या बाई नागरिकशास्त्र शिकवत राहिल्या, पण निवडणुकीचा धडा आला की तो मला घ्यायला सांगत. त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी पांढरकवड्याला आले. अनसूया मास्तरीणबाई झाली, असं कुणीतरी सांगितलं. एवढंच.

मग सदुसष्टची निवडणूक आली. मी केळापूर रस्त्यावरच्या शाळेत मत द्यायला गेले. बायकांची रांग मोठी होती. आत मतदार यादी घेऊन बसलेल्या बाईंनी मान वर केली, आणि ती अनसूया होती. डोळ्यांवर चष्मा आला होता. वेणीचा अंबाडा झाला होता. बाकी तशीच, पाय जुळवून बसलेली.

तेवढ्यात गावातले एक पुढारी आपल्या घरच्या बायकांना घेऊन मागच्या दाराने आत आले. "या घरच्याच आहेत, बाई. आटपून घ्या लवकर."

"रांग बाहेर हाये, भाऊ. शेवटच्या बाईच्या मागं उभं राहा म्हना त्याइले."

"तुमी इथं नवीन दिसता."

"मी नवीन हाये. रांग सकाळपासूनची हाये."

 पुढारी बायकांना घेऊन बाहेर गेले.

माझी पाळी आली. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने मला ओळखलं. तिच्या डोळ्यांत मला ते स्पष्ट दिसलं. मीही काही बोलणार होते.

"नाव?" तिने विचारलं.

मी माझं लग्नानंतरचं पूर्ण नाव सांगितलं. तिने यादीवर पट्टी सरकवत ते शोधलं आणि बाकावर बसलेल्या पक्षांच्या माणसांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. "कोनाची हरकत?" तिने त्यांना विचारलं. माझ्या आधीच्या प्रत्येकीसाठी विचारलं होतं, तसंच. कुणाची नव्हती. तिने माझ्या नावापुढे खूण केली आणि बोटाला शाई लावणाऱ्या बाईकडे मला जायला सांगितलं.

मी पुढे सरकले. माझ्या मागे झरीकडची एक म्हातारी कोलाम आदिवासी बाई होती. हिरवं लुगडं, हातात काठी. ती यादीकडे बघत उभी होती.

"नाव?" अनसूयाने विचारलं.

म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं सांगा, आजी," अनसूया म्हणाली. "सगळ्याइले ऐकू येऊ द्या."